टायटॅनिकचा तक्ता आणि माझा काय-स्क्वेअरचा प्रकल्प

संख्याशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात दोन वर्गीय चलांमध्ये (म्हणजे ज्यांची उत्तरं गटांत येतात अशा दोन गोष्टींमध्ये) संबंध आहे की नाही हे काय-स्क्वेअर चाचणीने तपासण्याचा एक छोटा प्रकल्प करावा लागतो. माझा मूळ विषय समाजशास्त्र. शाळा सुटल्यापासून गणिताशी फारसा संबंध उरला नव्हता, त्यामुळे प्रकल्प जाहीर झाला तेव्हा पोटात गोळा आला होता. एप्रिलच्या शेवटी तो पार पडला. सूत्र कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण आधी काय करायचं, नंतर काय, अर्जात काय भरायचं, कुठे थांबून विचार करायचा आणि तोंडी परीक्षेत नेमकं काय विचारतात, हे एका जागी मला कुठे सापडलं नव्हतं. ते इथे लिहून ठेवते.

जानेवारीत सुरुवात झाली ती विषयाच्या अर्जाने. एकच पान, पण त्यातला प्रत्येक रकाना विचार करायला लावणारा: दोन चलांची नावं, प्रत्येक चलाचे गट, माहिती कुठून घेणार, शून्य गृहीतक (‘संबंध नाही’ असं धरून चालणारं विधान) काय, आणि खाली मार्गदर्शकाची सही. वर्गात बऱ्याच जणांचे अर्ज परत आले. कारणं साधारण दोनच होती. एक म्हणजे निवडलेलं चल गटांचं नसून मोजमापाचं होतं, जसं उंची किंवा वजन. त्याचे गट पाडता येतात, पण मग ते तसेच का पाडले हे सांगावं लागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गट असे होते की एकच माणूस दोन गटांत बसत होता. ‘कोणकोणती माध्यमं वापरता?’ या प्रश्नाला एक माणूस तीन उत्तरं देतो आणि तक्त्यात तीनदा मोजला जातो. काय-स्क्वेअर चाचणीला हे चालत नाही. एक माणूस, तक्त्यातलं एक घर, एकदाच. अर्ज भरण्याआधी एवढं तपासलं तरी एक फेरी वाचते.

माहितीसाठी दोन वाटा होत्या: स्वतः सर्वेक्षण करा किंवा आधीच जाहीर असलेली आकडेवारी वापरा. सर्वेक्षणाला संमतीपत्राचा नमुना आणि प्रश्नावली नीतिविषयक समितीकडे द्यावी लागते, आणि समिती महिन्यातून एकदाच बसते. काही सुचवलं की पुढच्या बैठकीची वाट पाहायची. मला हे सगळं शिकायची इच्छा होती, पण पहिल्याच प्रकल्पात चाचणी समजून घेण्यावर वेळ घालवावा असं ठरवलं. जाहीर आकडेवारीला समितीची परवानगी लागत नाही. फक्त ‘माहिती सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यातून कुणाही हयात व्यक्तीची ओळख पटत नाही’ असं घोषणापत्र जोडावं लागतं. ते अर्जासोबतच दिलं. सही होऊन अर्ज परत यायला दोन-तीन आठवडे गेले.

मी घेतली टायटॅनिकची आकडेवारी. १५ एप्रिल १९१२ ला पहाटे जहाज बुडालं, त्यानंतर ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडने चौकशी केली आणि तिच्यातले आकडे पुढे संख्याशास्त्राच्या वर्गांत उदाहरण म्हणून रुळले. ‘आर’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा तक्ता तयारच मिळतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. माझी दोन चलं होती प्रवासाचा वर्ग आणि माणूस वाचला की नाही. जहाजावर नेमके किती जण होते याबद्दल वेगवेगळ्या मूळ नोंदींमध्ये एकवाक्यता नाही, हे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी अर्जावरच लिहायला लावलं. माझ्या तक्त्यातले आकडे असे:

पहिला वर्ग: ३२५ जण, वाचले २०३, गेले १२२
दुसरा वर्ग: २८५ जण, वाचले ११८, गेले १६७
तिसरा वर्ग: ७०६ जण, वाचले १७८, गेले ५२८
कर्मचारी: ८८५ जण, वाचले २१२, गेले ६७३
एकूण: २२०१ जण, वाचले ७११, गेले १४९०

फेब्रुवारीत तक्ता घेऊन मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी चाचणीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, “आधी टक्के काढा. आणि कुठल्या दिशेने काढताय ते सांगा.” पहिल्या वर्गातले ६२.५ टक्के वाचले, हे एक विधान. वाचलेल्यांपैकी २८.६ टक्के पहिल्या वर्गातले होते, हे दुसरं. दोन्हीच्या वरच्या जागी तोच २०३ चा आकडा आहे, भागाकार मात्र वेगळा, आणि दोन्हींचा अर्थ अगदीच वेगळा. वर्गामुळे वाचण्याची शक्यता बदलते का हा प्रश्न असेल तर प्रत्येक वर्ग शंभर धरून टक्के काढायचे. चौघांची ओळ लावली: ६२.५, ४१.४, २५.२, २४.०. चाचणीच्या आधीच चित्र समोर उभं राहिलं. माझ्या मते हाच टप्पा सगळ्यात कमी लेखला जातो. टक्के न बघता थेट पी-व्हॅल्यूकडे (संबंध नसताना इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) धावलं की आकडा हातात येतो, पण तो कशाबद्दलचा आहे हे कळत नाही.

मात्र टक्के फक्त बघण्यासाठी. सूत्रात नेहमी प्रत्यक्ष माणसांची संख्याच घालायची. समजा, सगळ्या घरांतले आकडे दहाने भागले तर टक्के तेच राहतात, पण काय-स्क्वेअरही दहापट कमी होतो. पुरावा किती माणसांवर उभा आहे हे चाचणी विसरत नाही, म्हणून तिला टक्के देऊन चालत नाही.

मार्चमध्ये हाताने गणित. पहिलं गणित कागदावरच करायचं अशी अट होती, आणि ती अट घातल्याबद्दल मी आज कृतज्ञ आहे. विचार असा आहे: वर्गाचा आणि वाचण्याचा काहीच संबंध नसता तर काय दिसलं असतं? एकूण २२०१ पैकी ७११ वाचले, म्हणजे ३२.३ टक्के. संबंध नसता तर प्रत्येक वर्गात साधारण तेवढेच टक्के वाचायला हवे होते. पहिल्या वर्गातल्या ३२५ जणांपैकी मग किती? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण: ३२५ गुणिले ७११ भागिले २२०१, उत्तर १०४.९९. ही अपेक्षित वारंवारता. प्रत्यक्षात वाचले २०३. फरक ९८.०१.

त्या फरकाला त्यानेच गुणायचं (गणितातला वर्ग), अपेक्षित संख्येने भागायचं, आणि हे आठही घरांसाठी करून बेरीज घ्यायची. पहिल्या वर्गातल्या वाचलेल्यांच्या एकट्या घरातून ९१.५ आले. त्याच वर्गातल्या गेलेल्यांच्या घरातून ४३.७. दुसऱ्या वर्गाची दोन घरं मिळून जेमतेम १०.८. सगळी बेरीज १९०.४. हाताने केल्यामुळेच मला दिसलं की या मोठ्या आकड्याचा बराचसा भार पहिल्या वर्गावर आहे. सॉफ्टवेअर एकच अंतिम आकडा छापतं. तो कुठल्या घरातून आला हे आपण विचारलं नाही तर सांगत नाही.

दोन गोष्टी इथे उपयोगी पडल्या. अपेक्षित संख्या पूर्णांकात आणायची नाही. निदान दोन दशांश स्थळं ठेवायची. ‘१०४.९९ माणसं कशी असतील?’ असं मनात येतं, पण ती माणसं नाहीत, ती तुलनेसाठीची पातळी आहे. आणि वाचलेल्यांच्या चार घरांतले फरक अधिक-उणे चिन्हासह मिळवले की उत्तर शून्य यायला हवं: ९८.०१, २५.९३, उणे ५०.०६, उणे ७३.८९. शून्याच्या आसपास आलं नाही तर पुढे जाऊच नये.

त्यानंतर डिग्रीज ऑफ फ्रीडम. याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. सूत्र सोपं आहे, ओळी वजा एक गुणिले स्तंभ वजा एक, आपल्या तक्त्यात तीन गुणिले एक, म्हणजे तीन. पण का? मॅडमनी रिकामा तक्ता दिला, फक्त बेरजा भरलेला, आणि म्हणाल्या, “भरा.” वाचलेल्यांत २०३ लिहिले, ११८ लिहिले, १७८ लिहिले. चौथा आकडा माझ्या हातात राहिलाच नाही: ७११ मधून ४९९ गेले, २१२ च यायला हवेत. आणि गेलेल्यांची चारही घरं तर आपोआप ठरली. म्हणजे आठ घरांपैकी मोकळी फक्त तीन. त्याच दिवशी त्यांनी सांगितलं की कार्ल पिअर्सनने १९०० साली ही चाचणी मांडली, पण अशा तक्त्यांसाठी ही संख्या तो घरं वजा एक अशी धरत असे. आपल्या तक्त्याला ते सात झाले असते. १९२२ मध्ये रोनाल्ड फिशरने आजचं सूत्र बरोबर असल्याचं दाखवलं. जी गोष्ट सुटायला बावीस वर्षं लागली ती मला पहिल्या वाचनात कळली नाही, यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

तीन डिग्रीज ऑफ फ्रीडमला पाच टक्के सार्थकता पातळीवर कोष्टकातला आकडा ७.८१५, म्हणजे संबंध नसता तर बेरीज याहून मोठी येण्याची शक्यता पाचच टक्के. आपला १९०.४. संबंध नाही हे गृहीतक टिकत नाही.

इथे बरेच जण प्रकल्प संपवतात. मीही संपवणार होते, पण मॅडमचा पुढचा प्रश्न होता, “संबंध आहे हे कळलं. किती घट्ट आहे?” काय-स्क्वेअरचा आकडा माणसांच्या संख्येबरोबर वाढतो, त्यामुळे तो घट्टपणा सांगू शकत नाही. त्यासाठी हाराल्ड क्रामेरचं माप वापरतात, क्रामेरचा व्ही. १९०.४ भागिले २२०१, त्याचं वर्गमूळ, ०.२९. (आपल्या तक्त्यात स्तंभ दोनच आहेत म्हणून गणित इतकं सरळ, मोठ्या तक्त्यात ओळी आणि स्तंभ यांतली जी संख्या लहान, तिच्यातून एक वजा करून तिनेही भागावं लागतं.) शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण. ०.२९ हा ठळक संबंध आहे, पण वर्ग कळला की माणसाचं काय झालं ते सांगता येईल इतका नाही.

मग त्यांनी तिसऱ्या वर्गावर आणि कर्मचाऱ्यांवर बोट ठेवलं. २५.२ टक्के आणि २४.० टक्के. “या दोघांत फरक आहे?” चार घरांचा तक्ता केला, काय-स्क्वेअर आला ०.३४. एका डिग्री ऑफ फ्रीडमला हवेत ३.८४१. फरक म्हणण्यासारखं काही नाही. “आता पुरुष वेगळे काढा, बायका वेगळ्या.”

पुरुषांमध्ये, मुलगे धरून, तिसऱ्या वर्गातल्या ५१० पैकी ८८ वाचले, म्हणजे १७.३ टक्के. कर्मचारी पुरुष ८६२, वाचले १९२, म्हणजे २२.३ टक्के. काय-स्क्वेअर ४.९७. स्त्रियांमध्ये, मुली धरून, तिसऱ्या वर्गातल्या १९६ पैकी ९० वाचल्या, ४५.९ टक्के. कर्मचारी स्त्रिया फक्त २३, त्यातल्या २० वाचल्या, ८७.० टक्के. काय-स्क्वेअर १३.९. म्हणजे पुरुषांत कर्मचारी पुढे, स्त्रियांतही कर्मचारी पुढे, आणि दोघांना एकत्र केलं की तिसरा वर्ग किंचित पुढे, तेही चाचणी ज्याला फरक मानत नाही इतकाच!

मी तो कागद बराच वेळ बघत बसले. बेरजा पुन्हा तपासल्या, सगळ्या बरोबर होत्या. कारण लिंगाच्या रकान्यात होतं. टायटॅनिकवर स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात वाचल्या, आणि ८८५ कर्मचाऱ्यांत स्त्रिया होत्या अवघ्या २३. तिसऱ्या वर्गात त्या चौथाई भागाहून जास्त होत्या. एकत्र टक्केवारीत तिसऱ्या वर्गाला त्या स्त्रियांमुळे हात मिळाला आणि कर्मचाऱ्यांना तो मिळाला नाही. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. मला संख्याशास्त्र आवडायला लागलं ते या कागदापासून. समाजशास्त्रात आम्ही नेहमी म्हणतो की एका घटकाकडे एकटं बघू नये; इथे ते वाक्य आकड्यांनी सिद्ध होऊन समोर आलं होतं. ‘संबंध नाही’ असा निकाल देणारी ०.३४ ची चाचणी चुकीची नव्हती. तिला विचारलेला प्रश्न अपुरा होता. तुमच्या प्रकल्पात तिसरं एखादं चल हाताशी असेल तर तक्ता त्याच्याप्रमाणे फोडून बघाच, निदान स्वतःसाठी.

लहान संख्यांची अडचणही याच आकडेवारीत भेटली. मला फक्त मुलांचा तक्ता करून बघायचा होता. पहिल्या वर्गात ६ मुलं, सहाही वाचली. दुसऱ्या वर्गात २४, सगळी वाचली. तिसऱ्या वर्गात ७९, त्यातली २७ वाचली आणि ५२ गेली. पहिल्या वर्गाच्या दोन्ही घरांत अपेक्षित संख्या तीनच्या आसपास येते. विल्यम कॉक्रनने १९५४ मध्ये दिलेला संकेत आजही शिकवतात: पाचपेक्षा कमी अपेक्षित संख्या असलेली घरं वीस टक्क्यांहून जास्त नकोत, आणि एकापेक्षा कमी कुठेच नको. इथे सहापैकी दोन घरं, म्हणजे नियम मोडतो. लक्षात घ्या, बघायची ती अपेक्षित संख्या. प्रत्यक्षात शून्य असलं तरी चालतं. अशा वेळी फिशरची अचूक चाचणी वापरता येते किंवा अर्थपूर्ण असेल तरच गट जोडता येतात. मी पहिला आणि दुसरा वर्ग जोडला, ३० मुलं, आणि अपेक्षित संख्या १४ च्या वर गेल्या. पहिल्या वर्गातल्या गेलेल्या मुलांच्या शून्याबद्दल अहवालात एक टीप दिली आहे: दुसऱ्या नोंदींप्रमाणे पहिल्या वर्गातली एक लहान मुलगी त्या रात्री गेली. चौकशीच्या आकड्यांत ती या रकान्यात नाही. सहाच्या गटात एका नोंदीने टक्केवारी किती हलते ते करून बघा, म्हणजे लहान घरांना जपून का वापरायचं हे समजतं.

मार्चअखेरीस सॉफ्टवेअर. आर आणि त्याचं शिकवणीचं साहित्य दोन्ही मोफत आहे, तेव्हा खर्च झाला तो वेळेचाच. एक गोष्ट आधीच माहीत असावी. चार घरांच्या तक्त्याला आर आपणहून येट्सची दुरुस्ती लावतं. फ्रँक येट्सने ती १९३४ मध्ये सुचवली, आणि तिच्यामुळे आकडा थोडा कमी येतो. पुरुषांच्या तक्त्याचं हाताने काढलेलं उत्तर ४.९७, आरचं ४.६६. माझ्या बरोबरच्या एकाने यापायी पूर्ण संध्याकाळ स्वतःच्या गणितात चूक शोधण्यात घालवली. ‘करेक्ट’ हा पर्याय ‘फॉल्स’ केला की दोन्ही जुळतात. अहवालात कुठलं वापरलं ते लिहायचं, एवढंच. एक्सेलमधली काय-स्क्वेअर टेस्ट वापरणार असाल तर अपेक्षित संख्यांचा तक्ता आपण स्वतः करून द्यावा लागतो आणि ती फक्त पी-व्हॅल्यू परत देते.

अहवाल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दिला. निकालाचं मुख्य वाक्य मी असं लिहिलं: ‘प्रवासाचा वर्ग आणि वाचणं यांत संबंध आढळला, काय-स्क्वेअर १९०.४, डिग्रीज ऑफ फ्रीडम ३, एकूण २२०१, पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी, क्रामेरचा व्ही ०.२९.’ त्याच्या लगेच खाली चार वर्गांचे टक्के. ‘वर्गामुळे वाचले’ असं कुठेही लिहिलं नाही. काय-स्क्वेअर संबंध दाखवतो, कारण दाखवत नाही, आणि टायटॅनिकबाबत कारण शोधायचं तर बोटींच्या जागा, केबिन कुठे होत्या, कुणाला आधी उतरवलं, हे सगळं वेगळं तपासावं लागतं.

तोंडी परीक्षा महिनाअखेरीस झाली. बाहेरचे परीक्षक शांत होते, सूत्र त्यांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न: “तुमच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत?” याची तयारी होती. पूर्णपणे नाहीत. जहाजावर कुटुंबं एकत्र होती, आई आणि मूल बहुधा एकाच बोटीत चढलं किंवा दोघंही राहिली. तेव्हा २२०१ नोंदींत तितकी वेगवेगळी माहिती नाही, आणि पी-व्हॅल्यू दिसते त्यापेक्षा सावधपणे घ्यायला हवी. १९०.४ इतका मोठा आकडा असल्याने निष्कर्ष उलटेल असं वाटत नाही, पण ४.९७ बद्दल मी तितक्या खात्रीने बोलणार नाही, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला विचारात पाडलं. “हा नमुना नाही. जहाजावरचे सगळेच तुमच्या तक्त्यात आहेत. मग पी-व्हॅल्यू कशासाठी?” नेहमीची व्याख्या नमुन्यावरून मोठ्या समूहाबद्दल बोलते, आणि इथे मोठा समूह असा काही नाहीच. थोडा वेळ मागून मी सांगितलं: समजा २२०१ चिठ्ठ्या केल्या, ७११ वर ‘वाचला’ लिहिलं, बाकीच्यांवर ‘गेला’, आणि त्या मिसळून सगळ्यांना वाटल्या, वर्ग न बघता. अशा वाटपात चार वर्गांमध्ये माझ्या तक्त्याइतक्या किंवा त्याहून विषम पद्धतीने चिठ्ठ्या जाण्याची शक्यता किती, हे पी-व्हॅल्यू सांगते. ती नगण्य आहे, म्हणून वाटप वर्ग न बघता झालं होतं असं मानता येत नाही. परीक्षक म्हणाले, “हे अहवालात कुठे आहे?” नव्हतं. सुधारित प्रतीत ते घालायला त्यांनी आठवड्याची मुदत दिली.

तुमची आकडेवारीही संपूर्ण गटाची असेल, एखाद्या वर्गातले सगळे विद्यार्थी किंवा एका संस्थेतले सगळे कर्मचारी, तर हा परिच्छेद पहिल्याच प्रतीत, पद्धतीच्या भागात ठेवा. सुधारित प्रत देताना बदललेली पानं वेगळी खूण करून जोडावी लागतात आणि मार्गदर्शकाची सही पुन्हा घ्यावी लागते. सुट्ट्या लागण्याच्या सुमारास ती सही मिळवायलाच जास्त वेळ जातो, म्हणून मॅडमची वेळ मी तोंडी परीक्षेच्या दिवशीच मागून घेतली होती.